पिन बसली म्हणजे जुळलं नाही

"कुठली हाय?"

दुकानाच्या पायरीवर गिऱ्हाईक दिसलं की चाचांचा हा पहिला प्रश्न. आलेल्या माणसानं पिशवीतून व्हिडिओ गेमचा डबा पुरता बाहेरही काढलेला नसे. तो आपला सरळ मनानं सांगे, "पातूरचा."

"तुमी पातूरचे. मी इची गोष्ट करून राहिलो. ही गेम कुठली हाय?"

मग त्या डब्याचं सगळं कूळ निघे. कोणी पाठवला, मामानं की मेहुण्यानं, तो कुठं असतो, त्यानं तिथंच विकत घेतला की तिसऱ्याच देशातून उचलला. जपानचा असेल तर त्याला भिंतीतून शंभर व्होल्ट हवे, अमेरिकेचा असेल तर एकशेवीस, आणि दुबईकडचा असेल तर आपल्यासारखेच दोनशेतीस. "दोनशेतीस म्हंजे कागदावर," चाचा म्हणत. "खरे किती, ते लाइनीले इचारा." एवढी चौकशी होईपर्यंत डबा त्यांच्या मांडीवर असे आणि ते चष्मा कपाळावर सरकवून त्याच्या पोटाखालची बारीक अक्षरं वाचत. चष्मा कपाळावरच का, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "जवळचं दिसते नं मले. चष्मा गिऱ्हाइकासाठी हाय."

घाईतलं गिऱ्हाईक एखादं म्हणे, "चाचा, कोनताही अडॅप्टर द्या नं, चालून जाते."

चाचांसमोर 'चालून जाते' म्हणायचं नसतं, हे त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. बाहेरच्याला कुठून असणार? चाचा डबा परत पिशवीत घालत, पिशवी त्याच्या हातात देत आणि फार अदबीनं सांगत, "चालते काय, ते नका इचारू. जुळते काय, ते इचारा. अन् तेही उद्या या इचाराले." माणूस मुकाट्यानं दुसऱ्या दिवशी येई. परदेशी गेमला अडॅप्टर जुळवून देणारा दुसरा कोणी अकोल्यात माझ्या माहितीत नव्हता. चाचांच्या माहितीत तर तो भारतातच नव्हता.

मी तेव्हा अकोल्याच्या एका ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवायला लागलो होतो. घर अमरावतीला, म्हणून खोली शोधत चाचांच्या दुकानी आलो. वरच्या मजल्यावरची खोली भाड्यानं द्यायची होती. पण खोली दाखवण्याआधी चाचांनी मला एका खोक्यावर बसवलं आणि माझंही कूळ काढायला घेतलं. सकाळी लवकर उठतो की उशिरा, एकटा जेवलो तर जेवण जातं का, राग आला तर बोलून टाकतो की आतल्या आत ठेवतो. मी म्हटलं, राग आला की मी गप्प बसतो. चाचांनी आतल्या दाराकडे तोंड करून चाचींना आवाज दिला, "मास्तर मधून मायनस हाय. चहा टाक."

याचा अर्थ मला बऱ्याच दिवसांनी कळला. अडॅप्टरच्या गोल पिनेला एक टोक आत असतं आणि एक बाहेर. काही गेमना मधे प्लस लागतं, काहींना मधे मायनस, आणि बाहेरून पाहून काहीएक कळत नाही. चाचांनी सगळ्या माणसांची वाटणी या दोन तऱ्हांत करून टाकली होती. मधून प्लस माणूस दिसतो तसाच असतो, लगेच पेटतो, लगेच विझतो. मधून मायनस असेल त्याचं सगळं उलटं, त्याच्याशी जरा दमानं घ्यावं लागतं. वाईट दोघांतलं कोणीच नाही, फक्त उलटा लावायचा नाही, नाहीतर धूर निघतो. कॉलेजात माझं एका सहकाऱ्याशी वाजलं तेव्हा चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "तुमी त्याले उलटा लावून राहिले, मास्तर." स्वतः चाचा कोणत्या तऱ्हेचे, असं मी विचारलं तर उत्तर आतून चाचींनी दिलं, "ते एसी हाय. घडीत इकडं, घडीत तिकडं."

दुकानाची पाटी मात्र 'मोटर रिवायंडिंग' अशीच होती. एकेकाळी विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी मूर्तिजापूर, दर्यापूरकडून जीपच्या टपावर बांधून चाचांकडे येत आणि नवी तार भरून परत जात. मग ती वर्षं आली. विहिरींना पाणी नाही, कापसाला भाव नाही, आणि पेपरच्या पहिल्या पानावर रोज कोणत्या तरी गावाचं नाव. चाचा पेपर मागच्या पानापासून वाचायला लागले आणि पहिलं पान आलं की घडी घालून ठेवू लागले. दुरुस्त झालेल्या मोटारी भिंतीशी ओळीनं उभ्या होत्या, त्यांचे धनी न्यायला आले नव्हते. शुक्रवारी नमाजहून परतल्यावर चाचा एकेका मोटारीचा दांडा हातानं फिरवत आणि तेलाचा थेंब सोडत. विकून टाका, असं कोणी सुचवलं तर म्हणत, "पानी लागलं की येईन तो. तवा मोटर जाम निंघाली तं काय सांगू त्याले?" कोणी पाहत उभं राहिलेलं चाचांना आवडलं नसतं, म्हणून मी जिना चढून वर निघून जायचो.

पोट तर भरायचं होतं. मोटारींसाठी आणलेली तांब्याची तार पडून होती, आणि त्याच सुमारास लोकांच्या घरी परदेशातून जुन्या गेम यायला लागल्या होत्या, तिकडच्या पोरांना नकोशा झालेल्या. चाचांनी तार त्या कामाला लावली. त्यांचा अडॅप्टर म्हणजे पत्र्याचा एक डबा, चारी बाजूंनी कायमचा बंद केलेला आणि मोटारीच्या उरलेल्या हिरव्या रंगानं रंगवलेला. सगळे अगदी एकसारखे. वर ना आकडा, ना अक्षर. "लेबल लावते तो विसरते," असं त्यांचं म्हणणं.

ओळख एकच, चिंधी. चाची ब्लाउज शिवत. त्यातली एक रंगीत चिंधी घेऊन चाचा तिचे दोन तुकडे करत. एक तुकडा गेमच्या वायरीला, दुसरा तिच्या अडॅप्टरला. गाठ तारेला मारतात तसली, पिळाची. ती दातांनीही सुटत नसे. एका रंगाचे दोघे एकमेकांचे, आणि दुसऱ्या रंगाला हात लावायचा नाही, एवढं घरच्यांना समजलं की काम झालं. दर्यापूरचा एक जण एकदा तणतणत आला, की टीव्हीवर चित्र काळंपांढरं येतं.

"धूर आला काय?" चाचांनी विचारलं.

"नाही."

"मंग? म्या धुराचं सांगतलं होतं. चित्राचं काई बोललो होतो काय?"

या चिंध्यांतली एक पिवळी चिंधी मी स्वतः अमरावतीला पोचवली होती. माझ्या आत्याचा मुलगा नोकरीला जपानात होता. त्यानं तिकडची एक जुनी गेम आईला पाठवून दिली, लालपांढऱ्या डब्याची. आत्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली होती आणि ताब्यात आता कोणीच उरलं नव्हतं. तेव्हा रोज दुपारी जेवण झालं की ती पदर खोचून टीव्हीसमोर बसे आणि शत्रूची विमानं पाडे.

तसाच लालपांढरा डबा चाचांच्या मागच्या खोलीत फळीवर होता, चाचींनी विणलेल्या रुमालाखाली. त्याला चिंधी नव्हती आणि अडॅप्टरही नव्हता. त्याला कोणी हात लावलेला चाचांना खपत नसे. त्याची कथा मला चाचींनी मेथी निवडता निवडता सांगितली. चाचांचे वडील लवकर गेले. थोरल्या भावानं, म्हणजे भाईजाननी, चाचांना वाढवलं, वायंडिंगचं काम शिकायला लावलं, दुकान घालून दिलं, आणि मग ते जहाजावर नोकरीला लागून शेवटी योकोहामाला स्थायिक झाले. तिथल्या पहिल्या पगारातून त्यांनी धाकट्यासाठी ही गेम पाठवली होती.

"हे त्याच दिवशी लावाले बसले," चाची म्हणाल्या. "घरात टेपरेकॉर्डरचा अडॅप्टर होता. पिन बसली. म्हने, पिन बसली, झालं. अन् असा वास सुटला भाऊ, का म्या दूध उतू गेलं म्हनून चुलीकडे धावली."

गेम गेली ती गेलीच. चाचा पुढं जे काही शिकले, जपान, अमेरिका, मधून प्लस, मधून मायनस, ते सगळं त्या धुरानंतर. पण भाईजानना त्यांनी ते कधी सांगितलं नाही. भाईजानचा दर आठवड्याला फोन येई. चाचा तो उभं राहून घेत. तब्येत झाली, पाऊसपाणी झालं की तिकडून हमखास प्रश्न येई, गेम चालू आहे ना? आणि चाचा सांगत, एकदम फर्स्टक्लास. नुसतं तेवढ्यावर भागत नसे. आत्यानं या आठवड्यात काय काय केलं, हे चाचा मला आधी नीट विचारून ठेवत. आत्यानं अमरावतीत पाडलेली विमानं चाचांच्या नावावर योकोहामाला जमा होत.

मी म्हटलं, "चाचा, सांगून टाका एकदा. भाऊच आहेत."

त्यांनी पक्कड पुसून खाली ठेवली. "बापाच्या जागी हाय तो, मास्तर. त्यानं पोटाले चिमटा घेऊन धाडली, अन् म्या एका दिवसात तिची राख केली. मले काम शिकाले त्यानंच लावलं. त्यानं तोंडानं काई म्हटलं नसतं. पन त्याच्या मनात काय आलं असतं, ते मले सहन झालं नसतं."

आणि भाईजान आले. म्हणजे येणार असल्याचा फोन आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, भाचीच्या लग्नासाठी, आणि उतरणार चाचांकडे. फोनवर म्हणाले म्हणे, तुझ्यासोबत बसून विमानं पाडायची आहेत. चाचांनी फोन ठेवला आणि जेवायला नको म्हणाले. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाला त्यांनी 'कुठली हाय' विचारलं नाही. तेव्हा मात्र चाची घाबरल्या आणि त्यांनीच तोड काढली. आत्याची गेम दोन दिवसांसाठी आणायची आणि रुमालाखाली ठेवायची.

आत्यानं सगळी हकिगत शांतपणे ऐकली. डबा हिरव्या अडॅप्टरसकट साडीच्या खोक्यात भरून दिला आणि म्हणाली, "जसा देते आहे, तसा परत आण. आणि तुझ्या चाचांना म्हणावं, विमानं माझी आहेत हे लक्षात ठेवा." मी ते खोकं एसटीत मांडीवर घेऊन अकोल्याला आलो. जळकी गेम पेटीत गेली, आत्याची फळीवर बसली. चाचांनी गेम आणि अडॅप्टर, दोन्हीवरची पिवळी चिंधी पाहून घेतली आणि त्या रात्री त्यांना नीट झोप लागली.

चूक झाली ती दुसऱ्या दिवशी, आम्ही दोघं भाईजानना आणायला स्टेशनवर गेलो तेव्हा. घरी पाहुणा यायचा म्हणून चाचींनी घर चकाचक केलं. फळीवर, टेबलावर गिऱ्हाइकांच्या गेम आणि हिरवे डबे होते, त्यांच्यावरच्या चिंध्या तेलानं कळकट झालेल्या. जपानहून आलेला माणूस काय म्हणेल? चाचींनी सगळ्या कात्रीनं कापून काढल्या आणि त्याच रंगांच्या नव्याकोऱ्या इस्त्रीच्या चिंध्या बांधल्या, पोरींच्या वेणीला बांधतात तशा फुलाच्या गाठी मारून. कोणत्या गेमला कोणता रंग, हे त्यांना पाठ होतं. त्यात तसूभर चूक नव्हती. हिरवे डबे मात्र त्यांच्या मते सगळे सारखेच होते, तेव्हा ते त्यांनी हाताला लागतील तसे वाटून टाकले.

भाईजान म्हणजे कोणी धिप्पाड माणूस असेल अशी माझी समजूत होती. निघाले एक लहानखुरे, हळू बोलणारे गृहस्थ, उन्हातही कोट घातलेले. दोघं भाऊ आपसांत हिंदीत बोलत, पण मी बसलो होतो म्हणून वऱ्हाडीवर आले. भाईजानची वऱ्हाडी इतक्या वर्षांत जागची हलली नव्हती. घरात शिरलो तेव्हा लोडशेडिंग सुरू होतं. चहा झाला, भाईजान रुमालाखालच्या डब्याकडे पाहून हसले. चाचांनी मोठ्या थाटात रुमाल उचलला आणि तसेच थांबले. त्यांनी डब्यावरचं पिवळं फूल पाहिलं. मग अडॅप्टरवरचं पाहिलं. मग टेबलावरची सगळी फुलं पाहिली, निळी, गुलाबी, जांभळी. ती गाठ त्यांची नव्हती.

"कशी दिसून राह्यली?" चाचींनी कौतुकानं विचारलं.

"चांगली," चाचा म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

बंद डब्याच्या आत काय आहे, हे कळायला मीटर लावावं लागतं, आणि मीटर लावायला लाइन हवी. लाइन आली की भाईजानसमोर बसून एकेक डबा तपासायचा, म्हणजे रोज खेळणाऱ्या माणसाला स्वतःच्या गेमचा अडॅप्टर ओळखता येत नाही, हे कबूल करायचं. न तपासता लावायचा, तर कदाचित तोच बरोबर निघेल आणि इतक्या वर्षांची अब्रू राहील. नाही निघाला, तर आत्याच्या गेमचा धूर. चाचा हिशेब करत होते, हे मला त्यांच्या बोटांवरून दिसत होतं.

तेवढ्यात पंखा फिरला. "आली लाइन," भाईजान म्हणाले आणि लहान मुलासारखे पुढं सरकले. त्यांनी पिवळ्या फुलाचा अडॅप्टर उचलला, गेमच्या पाठीत लावून पाहिला. "बसली पिन," म्हणाले, आणि भिंतीतल्या बोर्डाकडे हात नेला.

चाचांनी बोर्डावर आपला पंजा ठेवला.

"पिन बसली म्हंजे जुळलं नाही, भाईजान," ते म्हणाले. "म्या तुमची गेम अशीच जाळली. पहिल्याच दिवशी. ही मास्तरच्या आत्याची हाय. ते इमानंही तिचीच होती."

मग ते पेटीपाशी गेले, जळकी गेम आणून भाईजानच्या पुढ्यात ठेवली आणि मान खाली घालून उभे राहिले. साठीला आलेला माणूस, पण मला त्या क्षणी तो वडिलांपुढं उभं राहिलेलं पोर वाटला. चाची दारातच थांबल्या होत्या.

भाईजाननी आपली बॅग जवळ ओढली, कपड्यांखाली हात घातला आणि एक काळा, छोटा अडॅप्टर काढून जळक्या गेमशेजारी ठेवला. त्यावर जपानी अक्षरं होती.

"हा इच्याच संगं आला होता," ते म्हणाले. "पार्सल वजनात बसेना, तं म्या काढून ठेवला. म्हटलं, तू बिजलीचा मानूस, तुह्या घरी ढीग पडला असन. चालून जाते." ते शब्द ऐकून मी चाचांकडे पाहिलं, पण त्यांची मान खालीच होती. "मंग कोनं तरी सांगतलं, दुसरा लावला तं जळते. तवापासून दर फोनवर इचारतो, चालू हाय का. तू म्हने फर्स्टक्लास, अन् मी म्हनो, बचलो. तरी झोप नाही लागे. गेम तू नाही जाळली. म्या जाळली."

चाचांना तिथं सुटका मिळत होती. नुसतं गप्प राहिले असते, तर सगळा दोष थोरल्यानं आपल्या अंगावर घेतला होता. चाचांनी तो काळा अडॅप्टर उचलला, चष्मा कपाळावर सरकवला आणि अक्षरं वाचली.

"शंभराचा हाय," ते म्हणाले. "भाईजान, तुमी हा पाठोला असता, तं म्या हाही जाळला असता. सरळ आपल्या भिंतीत खुपसला असता. तवा मले काहीच येत नव्हतं."

आधी भाईजान हसले. कोटाच्या आतून सुरू झालेलं ते हसू वाढतच गेलं, आणि मग चाचाही, डोळे पुसत, एकमेकांचे खांदे धरून. चाचींना नक्की कशाचं हसू आलं ते कळलं नव्हतं, पण त्या चहा टाकायला गेल्या.

मग चाचांनी मीटर काढलं आणि आत्याचा खरा अडॅप्टर शोधला. तो जांभळ्या फुलाखाली निघाला. पिवळं फूल होतं एका अमेरिकन गेमच्या अडॅप्टरवर, धूर ठरलेलाच होता. दोघं भाऊ विमानं पाडायला बसले. दोघांनाही काहीच येत नव्हतं. भाईजानचं विमान निघाल्या निघाल्या पडलं, चाचांचं त्याच्याही आधी, आणि लाइन जाईपर्यंत त्यांनी शत्रूला केसभरही धक्का लावला नाही. आत्याला मी ते पुढं सांगितलं तेव्हा तिला फार बरं वाटलं.

संध्याकाळी चाचांनी जळकी गेम मांडीवर घेतली. चाचींकडून एक लाल चिंधी मागितली, तिचे दोन तुकडे केले. एक गेमला बांधला, दुसरा त्या काळ्या अडॅप्टरला, आपली ती पिळाची गाठ मारून. दोन्ही शेजारी शेजारी फळीवर ठेवले आणि वर रुमाल टाकला.

चाची पाहत होत्या. "पन ते चालत तं नाही नं," त्या म्हणाल्या.

"नाही चालत," चाचा म्हणाले. "जुळते."